रंगाआबांचा आवाज

रंगाआबांनी आयुष्यात पहिल्यांदा टेनिसची मॅच पाहिली तेव्हा त्यांनी दारातच चपला काढल्या, डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली आणि माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "सर, कोण वारलं म्हणायचं?"

कुणीही वारलं नव्हतं. आमच्या क्लबवर एक साधी मॅच चालू होती. तीस-चाळीस माणसं पायऱ्यांवर बसली होती, आणि टेनिस बघताना माणसं जशी बसतात तशीच, म्हणजे गप्प बसली होती. मी आबांना तसं सांगितलं. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडं नीट पाहिलं. मग टोपी पुन्हा डोक्यावर चढवली, शेजारी बसलेल्या निवृत्त इंजिनिअरसाहेबांच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाले, "पावणं, जिवंत हायसा न्हवं? मग हाला की जरा."

त्या दिवशी आमच्या क्लबातली शांतता जी गेली ती गेलीच.

मला या माणसाचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढं सांगताना माझ्याकडून कुठं तिरकं बोललं गेलं तर ते कशामुळं, हे वाचणाऱ्याला ठाऊक असावं. मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात गणित शिकवतो आणि या छोट्या टेनिस क्लबचा मानद सेक्रेटरी आहे. आम्ही मूळचे कुरुंदवाडचे. घरात धान्याचा व्यापार, पण आवाज म्हणाल तर देवळातल्यापेक्षा कमी. माझे वडील गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचे तेसुद्धा त्याला घरी गेल्यावर कळायचं. आमच्याकडं जोराची शिंक येणार असं वाटलं तर माणूस परसात जायचा. अशा घरातून आलेल्या माणसाला टेनिस आवडलं यात नवल नाही. जगात हा एकच खेळ असा आहे की जिथं पंच प्रेक्षकांना "कृपया शांत राहा" म्हणतो आणि प्रेक्षकांना त्यात अपमान वाटत नाही.

रंगाआबा क्लबच्या कॅन्टीनला दूध घालायचे. साठी उलटलेली, तरुणपणी तालमीत घाम गाळलेला, दोन्ही कान कुस्तीत मोडून भज्यासारखे झालेले. आमचं कोर्ट लाल मातीचं. ती माती बघूनच त्यांनी चपला काढल्या होत्या, हे मला नंतर कळलं. लाल मातीवर पायताण घालून पळणारी माणसं बघून त्यांना आधी रागच आला होता. मग त्यांनी खाली वाकून चिमूटभर माती कपाळाला लावली आणि आम्हाला सगळ्यांना माफ केलं.

पण एक गोष्ट त्यांनी कधी माफ केली नाही, ती म्हणजे आमचं गप्प बसणं.

"सर, ह्ये मला सांगा," ते एकदा कॅन्टीनच्या कट्ट्यावर किटली ठेवून म्हणाले, "कुस्तीत निदान समोरच्याचा हात तरी हातात असतो. हितं मधी जाळी. जोडीदार न्हाय. वस्तादानं बाहेरनं सांगायचं न्हाय. आन् बगणाऱ्यानं खोकायचं बी न्हाय. जेलात सुदिक मानसाला भेटाय येत्यात की."

मी त्यांना समजावून सांगितलं. खेळाडूला चेंडू रॅकेटवर बसल्याचा आवाज ऐकू यावा लागतो. त्या आवाजावरून चेंडू किती फिरवलाय ते समजतं. शिवाय एकाग्रता. शिवाय परंपरा.

"बॉलचा आवाज ऐकू यावा," आबा म्हणाले, "आन् मानसाचा येऊ नये. बरं हाय."

एवढं बोलून त्यांनी किटली उचलली. मी तीन दिवस त्या वाक्यावर विचार करत होतो.

आबा दुपारी चारला यायचे आणि पाचच्या ठोक्याला उठायचे. मॅच कितीही रंगात आली तरी पाचला उठायचेच, संध्याकाळचं दूध घालायचं असायचं. पण त्या एका तासात ते तिसऱ्या पायरीवर उभं राहून अख्ख्या क्लबाला पुरून उरायचे. बॅकहँडला ते 'उलटा हात' म्हणत. ड्रॉप शॉटला 'फसवाफसवी'. सर्व्हिस जाळीत गेली की "असूं दे, असूं दे, दुसरी हाय की," म्हणत, आणि दुसरीही जाळीत गेली की आकाशाकडं बघून "आता काय बोलायचं," म्हणत. आणि चांगला फटका बसला की त्यांची ती आरोळी यायची, "हाण पोरी, हाण." बाहेरच्या रस्त्यावर रिक्षा थांबायच्या. एकदा तर रिक्षावाला आत येऊन विचारून गेला की मॅच किती दिवस चालणार आहे.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण ती 'पोरी' म्हणजे माझी पोरगी होती.

केतकी सोळा वर्षांची. गेली नऊ वर्षं मी तिला टेनिस शिकवतो आहे. कॉलेजच्या मागच्या भिंतीवर तिच्याकडून किती चेंडू मारून घेतले याला सुमार नाही. तिच्या पायाच्या मापाचे बूट मिळेनात तेव्हा इचलकरंजीपर्यंत दुकानं पालथी घातली. तिच्या प्रत्येक मॅचला मी पंचाच्या खुर्चीशेजारी बसून वहीत एकेक गुण लिहून घेतो, कुठला फटका कुठं चुकला ते घरी जाऊन तिला दाखवतो. आणि ही मुलगी गुण जिंकला की मान वळवून कुठं बघायची? तिसऱ्या पायरीकडं. आबा मूठ वर करायचे, ही हसायची, की झाली पुढच्या गुणाला तयार.

कॉलेजच्या अंकात तिची मुलाखत आली. यशाचं श्रेय कुणाला, असं विचारलं होतं. "आमच्या क्लबवर दूध घालणारे रंगाआबा," हे पहिलं वाक्य. मग आई. मग रॅकेटच्या तारा ओढून देणारा माणूस. माझं नाव चौथ्या वाक्यात होतं, तेही 'वडिलांचेही सहकार्य लाभले' असं. तो अंक मी कपाटात सगळ्यात खाली ठेवला.

म्हटलं, ओरडण्यात एवढं काय आहे? आपणही ओरडू. पण सवय हवी. एका रविवारी मी गाडी घेऊन एकटाच पन्हाळ्याच्या बाजूला गेलो. कोडोलीच्या अलीकडं उसाच्या फडाला लागून गाडी थांबवली, सगळ्या काचा वर केल्या आणि म्हणालो, "हाण." ते वर्गात शंका विचारल्यासारखं झालं. दुसऱ्यांदा थोडं बरं जमलं. तिसऱ्यांदा मी डोळे मिटले, स्टिअरिंग घट्ट धरलं आणि पोटापासून आवाज काढला. डोळे उघडले तर काचेला एक म्हातारा शेतकरी तोंड लावून आत बघत होता.

"पावणं, कुटं दुखालंय काय?"

"नाही, नाही. काही नाही."

"मंग घरात भांडून आलाय व्हय?" असं म्हणून त्यांनी मला त्यांच्या बाटलीतलं पाणी पाजलं आणि बायकोशी कसं वागावं यावर चांगली दहा मिनिटं सांगितलं. मी सगळं ऐकून घेतलं. त्यानंतर मी तो नाद सोडला.

मग जिल्ह्याची स्पर्धा आमच्या क्लबवर भरली आणि केतकी उपान्त्य फेरीत पोहोचली. त्या दिवशी आबा एक हलगीवाला आणि एक कापडी पिशवी घेऊन आले. केतकीनं पहिला सेट सहा-तीन असा जिंकला. दोघी मुली पाणी प्यायला आपापल्या खुर्चीकडं वळल्या, आणि हलगी कडाडली. मी वहीतून डोकं वर काढेपर्यंत आबा अनवाणी पायांनी कोर्टाच्या मधोमध पोहोचले होते. पिशवीतून त्यांनी भगवा फेटा काढला आणि केतकीच्या डोक्याला बांधायला सुरुवात केली. समोरची मुलगी इतकी गोंधळली की तीही टाळ्या वाजवू लागली.

आबांची चूक होती, पण त्यामागं हिशोब सरळ होता. ते रोज पाचला उठून जायचे. त्यामुळं दुसरा सेट त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. कुस्तीत एकदा पाठ लागली की निकाल, आणि जिंकणाऱ्याला फेटा तिथल्या तिथं. त्यांच्या लेखी मॅच संपली होती.

"आबा, अजून सेट आहे," मी धावत जाऊन सांगितलं.

"अजून? अवो, पडली की ती मगाशीच."

"तीनपैकी दोन जिंकावे लागतात."

आबांनी त्या समोरच्या मुलीकडं कळवळून पाहिलं. "एकदा पाडलेल्या मानसाला परत कशाला पाडायचं," असं म्हणत ते फेटा तसाच ठेवून निघून गेले. सगळे पोट धरून हसत होते. केतकी तर खाली बसून हसत होती. मॅच तिनंच जिंकली.

दुसऱ्या मुलीच्या वडिलांनी तक्रार दिली. तक्रार एका ओळीची होती. त्यावर मी जो ठराव लिहिला तो दीड पानाचा होता. घोषणा, हलगी, फेटा यांस मनाई. टाळ्या फक्त गुण संपल्यावर. नियम मोडणाऱ्यास बाहेर काढण्यात येईल. आणि शेवटी, 'संबंधित प्रेक्षकास अंतिम सामन्यास प्रवेश दिला जाणार नाही.' कमिटीनं न वाचता सह्या केल्या. ठरावाची एक प्रत नोटीस म्हणून फळ्यावर लावली आणि दुसरी मी स्वतः कॅन्टीनवर आबांना नेऊन दिली. त्यांनी ओठ हलवत सगळं वाचलं, घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"बरं केलंसा सर. नेम पायजेच." मग म्हणाले, "फायनल चारलाच हाय न्हवं?"

"चारलाच."

"बरं," म्हणाले आणि गेले. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, चांगलाच आनंद झाला.

फायनलला पायऱ्या भरल्या होत्या. तिसऱ्या पायरीवर एका माणसाची जागा कुणीही न सांगता मोकळी ठेवली होती. केतकीनं पहिला गुण जिंकला आणि मान वळवली. दुसऱ्या गुणाला पुन्हा वळवली. त्यानंतर वळवली नाही. पहिला सेट ती सहा-दोन असा हरली. दुसऱ्यात दोन-दोन झाले तेव्हा आभाळ भरून अंधारून आलं. आमच्याकडं दिवे नाहीत, म्हणून उरलेली मॅच दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ठरली. आबा यायला लागल्यापासून प्रथमच मला हवी होती तशी शांत मॅच झाली होती, आणि चेंडूचा आवाज इतका स्पष्ट येत होता की नकोसा वाटत होता.

घरी जाताना केतकी गाडीत म्हणाली, "अण्णा, नोटीस तुम्ही लिहिलीसा?"

"कमिटीनं."

"अक्षर तुमचं हाय." तिनं मांडीवरची रॅकेट मागच्या सीटवर ठेवली. "मी काय त्यांच्या ओरडण्यानं जिंकत न्हाय. पण तिथं उभारलं की लई एकटं वाटतंय. त्यांना घेऊन या. नाहीतर उद्या मी खेळायला जात न्हाय."

तिला घरी सोडून मी तसाच आबांच्या पेठेत गेलो. घर सापडायला वेळ लागला नाही, दूधवाले रंगाआबा म्हटल्यावर पोस्टमनच काय, गल्लीतलं कुत्रंही वाट दाखवेल. दाराची कडी मात्र चिंध्यांनी गुंडाळली होती. मी कडीऐवजी दाराच्या फळीवर दोन थापा मारल्या. आबांनी घाईनं दार उघडलं, माझा हात धरून मला आत ओढलं आणि दार इतकं सावकाश लावलं की ते लागलं की नाही हेही कळलं नाही.

आत खुर्च्यांच्या पायांना आमच्या क्लबचे जुने चेंडू कापून बसवले होते. भिंतीवर घड्याळ होतं, त्याचा लोलक काढलेला. आतल्या खोलीत कॉटवर आबांच्या मंडळी, पारूवहिनी, भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. आबा माझ्या कानाशी आले. तो आवाज मी त्यांच्या तोंडून पूर्वी एकदाच ऐकला होता, कोण वारलं म्हणून विचारलं होतं तेव्हा.

"तीन वर्सं झाली, डोक्याचं आप्रेशन झालं. तवापास्नं तिला आवाज सोसत न्हाय. भांडं पडलं तरी फिट येती. म्हशी कोडोलीला मेव्हण्याकडं नेऊन बांदल्या. आन् माजा आवाज तर म्हशीपरास मोठा. त्यो कुटं नेऊन बांदायचा?"

दुपारी चार ते सहा भाची येऊन बसायची. तेवढेच दोन तास आबांचे. एक तास दुधाचा, एक तास आमचा. रात्री जेवण झालं की ते वहिनींच्या उशाशी बसून अख्खी मॅच कुजबुजत सांगायचे. वहिनींना आता केतकीचा उलटा हात कुठं कमी पडतो हेही ठाऊक होतं.

"आज काय सांगणार?" मी विचारलं.

आबांनी मान खाली घातली. "सांगून झालं. सकाळीच मॅच झाली म्हनलो. पोरगीनं चितपट केली म्हनलो, सहा-शून्य. तुमी आता खोटं पाडू नगासा, सर."

मी ठरावाबद्दल माफी मागितली. उद्या सकाळी सातला या म्हटलं. त्यांनी मान हलवली. सातला वहिनी उठतात, तेव्हा घरात दुसरं कुणी नसतं.

"पोरगी तुमच्याकडं बघते," मी म्हणालो. हे बोलताना माझा आवाज आपोआपच कुजबुजीचा होता, आणि तरी त्यातला आकस लपला नसावा.

आबांनी माझ्याकडं नवल करत पाहिलं. "माज्याकडं? अवो, गुण झाला की पैला ती तुमच्याकडं बगती. तुमचं डोस्कं वहीत. मग नाइलाजानं माज्याकडं वळती. मला तर किती बार वाटलंय, ह्या मानसाला एवडं बगतंय कोन, आन् ह्यो लिवत बसलाय."

दुसऱ्या दिवशी वही मी इंजिनिअरसाहेबांकडं दिली आणि तिसऱ्या पायरीवर जाऊन बसलो. पहिला गुण झाला. केतकीनं पंचाच्या खुर्चीकडं पाहिलं, तिथं मी नव्हतो, मग तिची नजर शोधत शोधत पायऱ्यांकडं आली. आम्ही एकमेकांकडं पाहिलं. मी उभा राहिलो आणि ओरडलो, "हाण पोरी." मागच्या बाकावरच्या मुलाला प्रमेय समजावून सांगावं तसा तो आवाज होता, पण होता. पंचांनी मला ताकीद दिली. दुसऱ्यांदा ओरडलो तेव्हा त्यांनी माझ्याच अक्षरातली नोटीस वर धरून मला बाहेर काढलं. उरलेली मॅच मी कुंपणाच्या जाळीला नाक लावून पाहिली. दुसरा सेट तिनं सात-पाच घेतला. तिसरा सहा-चार असा हरली. हरून ती सरळ जाळीकडं आली आणि जाळीतून माझं बोट धरून उभी राहिली. मला वाटतं, त्या सकाळी मी नऊ वर्षांपेक्षा जास्त टेनिस पाहिलं.

दुपारी मी तिला आबांच्या घरची सगळी हकिगत सांगितली, तशी ती म्हणाली, "वहिनींना खरं मीच सांगतो." आम्ही पाच वाजता गेलो. आबा दुधाला गेले होते, भाची होती. वहिनी उशीला टेकून बसल्या होत्या. केतकी त्यांच्याजवळ बसून तोंड उघडणार, तोच त्या हळूच म्हणाल्या, "काल हरालतीस न्हवं?"

केतकीनं माझ्याकडं पाहिलं, मी भाचीकडं.

"सकाळी कुटं असत्यात मॅची? काल चारपास्नं ह्ये घरातच फेऱ्या मारत हुते. आन् रोजच्यापरास काल लई रंगवून सांगितलं. मी बी व्हय व्हय म्हनलो. तेवडंच त्येंचं समाधान." त्यांनी केतकीचा हात हातात घेतला. तिच्या तळव्यावरचे घट्टे बोटानं चाचपून पाहिले. मग विचारलं, "वरडत्यात कसं गं, तितं? तीन वर्सं झाली, ह्येंचा आवाज ऐकून."

केतकीच्या मोबाईलवर उपान्त्य फेरीचा व्हिडिओ होता, मैत्रिणीनं काढलेला. तिनं आवाज अगदी शेवटच्या रेघेवर आणला, आधी स्वतःच्या कानाला लावून पाहिला आणि मग वहिनींच्या कानाशी धरला. मला काहीच ऐकू येत नव्हतं. वहिनींनी डोळे मिटले. एकदा ऐकून झालं, त्यांनी बोटानं 'परत' अशी खूण केली. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांचे ओठ हलू लागले, हाण पोरी, हाण. एवढं जीव लावून माझं बोलणं कुणी ऐकल्याचं मला आठवत नाही. मला पुन्हा हेवा वाटला, आणि या वेळी तो लपवावासा वाटला नाही.

तेवढ्यात आबा आले. दोन्ही चपला हातात, रिकामी किटली छातीशी धरलेली, म्हणजे कुठं आपटायला नको. कॉटवर बायको मोबाईल कानाला लावून बसलेली बघून ते घाबरले. जवळ येऊन त्यांनी काहीतरी कुजबुजायला तोंड उघडलं.

वहिनींनी डोळे न उघडताच ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं. आबा किटली धरून होते तिथंच उभे राहिले.